ऑटो एक्स्पोची वही: कोकणातल्या माणसाने गाड्यांचं प्रदर्शन कसं वाचावं

दिल्लीत गाड्यांचं प्रदर्शन भरलं की चिपळूणला आमच्या गॅरेजवर एक प्रश्न हमखास येतो. "मेस्त्री, मोबाइलवर बघितली ती नवीन गाडी कधी येणार? थांबू, की आत्ता मिळतेय ती घेऊ?" विचारणारा कधी गुहागरचा मास्तर असतो, कधी लोट्याच्या कारखान्यातला पोरगा, कधी शिमग्याला आलेला चाकरमानी. पैसे कष्टाचे असतात आणि गाडी एकदा घेतली की दहा-बारा वर्षं बदलायची नसते. त्यामुळे मी अंदाजाने उत्तर देत नाही. वही काढतो.

त्या वहीत आजवरच्या ऑटो एक्स्पोंचा हिशोब आहे. कुठल्या साली काय दाखवलं, त्यातलं रस्त्यावर काय आलं, किती महिन्यांनी आलं आणि येताना काय गळून पडलं. पुढच्या प्रदर्शनात काय खरं आणि काय सजावट, हे ओळखायला याहून चांगलं साधन मला तरी मिळालेलं नाही. अशी वही कुणालाही करता येते. कशी करायची, ते सांगतो.

वही आखणं

फुलस्केप वही आडवी धरा आणि सहा रकाने पाडा. प्रदर्शनाचं वर्ष, तिथे दाखवलेलं नाव, रस्त्यावर आलेलं नाव, बाजारात आल्याचा महिना, काय गळलं, आणि शेवटचा रकाना "आपल्या रस्त्याला". हा शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा. बाकीचे पाच कुणीही भरेल. सहावा तुमच्या घाटाने, तुमच्या खाडीने आणि तुमच्या अंगणातल्या चिखलाने भरायचा आहे.

पहिल्या पानावर नुसती वर्षं लिहा, कारण या प्रदर्शनाची चाल सरळ नाही. पहिला ऑटो एक्स्पो जानेवारी १९८६ मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावर भरला. हे मैदान १९७२ च्या आशियाई व्यापार मेळ्यासाठी उभं राहिलेलं. दुसरा एक्स्पो थेट १९९३ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी. मग १९९६, मग १९९८, आणि तिथून २०२० पर्यंत दर दोन वर्षांनी न चुकता. २०२२ चं प्रदर्शन कोरोनामुळे झालं नाही, ते २०२३ च्या जानेवारीत भरलं. पुढचं २०२५ मध्ये.

वर्षांखाली जागा लिहा. २०१२ पर्यंत प्रगती मैदान. गर्दी मावेनाशी झाली तेव्हा २०१४ पासून गाड्यांचं प्रदर्शन ग्रेटर नोएडाच्या इंडिया एक्स्पो मार्टमध्ये गेलं आणि सुट्या भागांचं प्रदर्शन वेगळं होऊन प्रगती मैदानावरच राहिलं. २०२५ मध्ये गाड्या परत प्रगती मैदानावर आल्या, आता नव्या बांधलेल्या भारत मंडपममध्ये. तेव्हा एक्स्पो 'भारत मोबिलिटी' नावाच्या मोठ्या मेळ्याचा भाग झाला होता, आणि सुटे भाग द्वारकेच्या यशोभूमीत होते. जुन्या बातम्या वाचताना ठिकाणावरून वर्ष ओळखता येतं, म्हणून हे लिहून ठेवायचं. आयोजक मात्र तीन संघटना आहेत: गाड्या बनवणाऱ्यांची सियाम, सुटे भाग बनवणाऱ्यांची अ‍ॅक्मा आणि उद्योगांची सीआयआय.

त्या वर्षी देशात काय चाललं होतं, ते शेजारी लिहा

नुसत्या गाड्यांची यादी केलीत तर वही मुकी राहील. प्रत्येक वर्षाच्या बाजूला एक ओळ हवी: तेव्हा देशात काय घडत होतं.

१९८६ चं घ्या. मारुती ८०० रस्त्यावर येऊन दोन-सव्वादोन वर्षं झाली होती. तोवर आपल्याकडे गाडी म्हणजे अ‍ॅम्बेसेडर नाहीतर पद्मिनी. त्याच सुमाराला टोयोटा, माझदा, निसान आणि मित्सुबिशी या चार जपानी कंपन्या छोट्या ट्रकसाठी भारतीय कंपन्यांशी हात मिळवून आल्या होत्या. डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, ऑल्विन निसान, आयशर मित्सुबिशी ही नावं आमच्या भागातल्या जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी अजून आहेत. त्या काळात पहिलं प्रदर्शन भरलं, ते देशात नवी यंत्रं येत होती म्हणून.

१९९३ च्या ओळीत लिहा: याच वर्षी प्रवासी गाड्या बनवायला सरकारी परवान्याची गरज संपली. पहिल्या आणि दुसऱ्या प्रदर्शनात सात वर्षांचं अंतर, आणि त्यानंतर मात्र गाडी थांबली नाही, हे या एका ओळीने कळतं.

२०१४ च्या ओळीत मी लाल पेनाने लिहिलंय. प्रदर्शन उघडण्याच्या आठवडाभर आधी ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने, आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पाच गाड्या धडकवून बघितल्या आणि पाचांनाही शून्य तारे मिळाले. त्याच एक्स्पोमध्ये टाटांनी नेक्सॉनचा पहिला नमुना ठेवला होता. तीच नेक्सॉन डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. कुंभार्ली घाटात समोरून ट्रक येतो तेव्हा टचस्क्रीन किती इंचांची आहे याला काही अर्थ नसतो. २०१४ नंतर लोक गॅरेजवर येऊन एअरबॅग किती, असं विचारायला लागले. हा बदल मी रोज बघितलाय आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

२०२० च्या बाजूला लिहा: १ एप्रिलपासून बीएस-सहा. फेब्रुवारीत प्रदर्शन झालं आणि दोन महिन्यांत नवे धुराचे नियम लागू झाले. त्या वर्षी छोट्या डिझेल गाड्या मंचावरून का दिसेनाशा झाल्या, त्याचं उत्तर इथेच आहे.

जोड्या लावा

हे वहीचं काळीज. डाव्या बाजूला दाखवलेलं नाव, उजव्या बाजूला आलेलं. माझ्या वहीतल्या काही जोड्या देतो, सुरुवातीला याच उतरवून घ्या.

जानेवारी २०१० ला मारुतीने आर-थ्री दाखवली, सीटच्या तीन ओळींची गाडी. एप्रिल २०१२ मध्ये ती अर्टिगा म्हणून आली. सव्वादोन वर्षं. आज महामार्गावर उभं राहून मोजलं तर टुरिस्ट परवान्यावर सगळ्यात जास्त दिसतात त्यांत ही आहे.

जानेवारी २०१२ ला मारुतीचीच एक्सए अल्फा. त्याच विचाराची विटारा ब्रेझा मार्च २०१६ मध्ये आली. चार वर्षांहून जास्त.

२०१४ ची नेक्सॉन सप्टेंबर २०१७ मध्ये आली. साडेतीन वर्षं.

फेब्रुवारी २०१८ ला टाटांनी दोन गाड्या ठेवल्या. एच-फाइव्ह-एक्स जानेवारी २०१९ ला हॅरियर झाली, अकरा महिन्यांत. ४५एक्स जानेवारी २०२० ला अल्ट्रोझ झाली, जवळपास दोन वर्षांनी. एकाच मंचावरच्या, एकाच कंपनीच्या दोन गाड्या, आणि फरक वर्षभराचा. त्याच वर्षी किया आपल्याकडे पहिल्यांदा दिसली. तिची एसपी ऑगस्ट २०१९ मध्ये सेल्टॉस होऊन आंध्रातल्या अनंतपूरच्या कारखान्यातून बाहेर पडली.

टाटांची फेब्रुवारी २०२० ची एचबीएक्स ऑक्टोबर २०२१ मध्ये पंच झाली. वीस महिने, आणि त्यातले बरेचसे टाळेबंदीत गेलेले.

आता टाटांची सिएरा. मूळची सिएरा १९९१ ची, तीन दरवाजांची, मागे मोठी न उघडणारी काच. चिपळुणात एक-दोन डॉक्टरांकडे होती, ती रस्त्याने गेली की आम्ही पोरं बघत राहायचो. हेच नाव घेऊन २०२० च्या एक्स्पोत विजेवरचा नमुना आला. २०२३ ला पुन्हा आला, पाच दरवाजांचा. २०२५ ला पेट्रोल-डिझेलसाठीचा आला. विकायला आली नोव्हेंबर २०२५ मध्ये. पहिल्या दर्शनापासून पावणेसहा वर्षं. कुणी २०२० ला "सिएरासाठी थांबतो" म्हणून जुनीच गाडी ओढत बसला असता, तर तेवढ्यात तिच्यावर दोनदा क्लच प्लेट बदलावी लागली असती.

अशा पंधरावीस जोड्या झाल्या की वही बोलायला लागते. साधारण पावणेदोन वर्षं हे मधलं माप. गाडी अगदी तयार असेल तर वर्षाच्या आत. आणि जुन्या लोकप्रिय नावाला कंपनी नवं रूप देत असेल तर भरवसा नाही.

काय गळलं, हा रकाना नीट भरा

माझं आजोळ कुडाळकडचं. तिथे दशावतारी नटाबद्दल म्हणतात, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. प्रदर्शनातली गाडी तशीच. मंचावर मुकुट, आणि खरं काम दुसऱ्या दिवशी बोजा उचलून चालण्यात. त्या बोज्यापुरतं काय शिल्लक राहील, एवढंच बघायचं.

सगळ्यात चांगलं उदाहरण २०१४ ची क्विड. रेनोने दाखवलेल्या नमुन्यात ड्रायव्हरची सीट मधोमध होती आणि टपावरून छोटं ड्रोन उडायचं, पुढे वाहतूक किती तुंबलीय ते बघायला. सप्टेंबर २०१५ ला जी क्विड आली, तिच्यात ड्रोन नाही आणि सीट आपल्या नेहमीच्या जागी. पण तीन गोष्टी राहिल्या: उंच बसण, आखूड लांबी आणि चाकांवरचा रांगडा आकार. जमिनीपासूनची उंची १८० मिलिमीटर. छोट्या वाडीतल्या पाखाडीशेजारच्या अरुंद रस्त्याला नेमकं हेच लागतं. ज्यांनी ड्रोन बघितलं ते हसून पुढे गेले. ज्यांनी बसण बघितली त्यांना गाडी कळली.

नमुन्यातून बहुतेक वेळा गळणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात. भलीमोठी चाकं आणि कागदासारखे पातळ टायर आधी जातात. एच-फाइव्ह-एक्सची चाकं मंचावर कमानीत मावत नव्हती, हॅरियर आली ती सतरा इंचांवर. आरशांच्या जागी लावलेले कॅमेरे जातात, पत्र्यात लपवलेले हँडल जातात, सबंध काचेचं टप जातं. राहतात त्या गोष्टी अशा: दोन चाकांमधलं अंतर, दरवाजाच्या काचेची खालची रेषा, बॉनेटची उंची, मागच्या खांबाचा कोन. कारण हे सगळं साच्यात ठरतं, आणि साचा बदलायचा म्हणजे कंपनीला कोट्यवधी रुपयांचं काम. फोटो बघताना चाकांवर बोट ठेवून झाका आणि मग गाडी बघा. उरलेली गाडी तुमच्या दारात येणारी आहे.

आणखी एक खूण आहे. काचेवर खरा वायपर, दाराला खरं हँडल, नंबरप्लेटला जागा आणि बाहेर इंधनाचं झाकण, हे चारही दिसत असेल तर गाडी जवळजवळ तयार आहे असं समजायचं.

नॅनोला एक अख्खं पान द्या

१० जानेवारी २००८. प्रगती मैदानावर रतन टाटांनी नॅनो पुढे आणली आणि लाख रुपयांचा शब्द दिलाय तो पाळणार, असं सांगितलं. त्या आठवड्यात आमच्या नाक्यावर दुसरा विषय नव्हता. चौघांचं कुटुंब पावसात एका स्कूटरवर, हे चित्र कोकणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मी ही गाडी हाताखालून घातली आहे, म्हणून जवळून सांगतो. इंजिन मागे, दोन सिलिंडरचं, ६२४ सीसी. चाक काढायला गेलं की प्रत्येक चाकाला तीनच नट. पुढच्या काचेला एकच वायपर. मागचा दरवाजा बाहेरून उघडत नाही, सीट पाडून आतून सामान घालायचं (तो उघडायला लागला २०१५ च्या मॉडेलपासून). प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बसून विचार केलाय, हा नट नसला तर चालेल का, हे वजन कमी झालं तर चालेल का. मी मेकॅनिक आहे, मला त्या तीन नटांत फार मोठी हुशारी दिसते. गाडी हलकी, चाक छोटं, तर तीन पुरतात. तेवढेच दिले.

पण वहीत फक्त हुशारी लिहून भागत नाही. जानेवारी २००८ ला दाखवली. ऑक्टोबरमध्ये पश्चिम बंगालमधला सिंगूरचा कारखाना सोडावा लागला. मार्च २००९ ला मुंबईत बाजारात आणली. गुजरातचा साणंदचा कारखाना सुरू झाला जून २०१० मध्ये. २०१८ ला उत्पादन थांबलं. गाडी दाखवणं आणि गाडी गावोगावी पोचणं यांच्यामध्ये जमीन असते, राजकारण असतं, कारखाना असतो. आजही नवी गाडी दिसली की मी आधी विचारतो, बनणार कुठे? कारखाना उभा आहे का? कारखाना असेल तर महिने मोजा. नसेल तर वर्षं.

हेच कायद्याचंही. जानेवारी २०१२ ला बजाजने आरई-६० दाखवली, रिक्षाची चारचाकी बहीण. तेव्हा आपल्याकडे त्या प्रकारच्या वाहनाला कायद्यात जागाच नव्हती. नियम झाले, बदलले, आणि क्यूट या नावाने ती महाराष्ट्रात घरगुती वापरासाठी मिळायला २०१९ उजाडलं. सात वर्षं. विजेच्या किंवा चालकाशिवाय चालणाऱ्या एखाद्या नव्याच प्रकारच्या वाहनाबद्दल कुणी विचारलं की मी हे पान दाखवतो.

सहावा रकाना: आपल्या रस्त्याला

इथे मी चार गोष्टी लिहितो.

पहिली, फेरीबोट. धोपाव्याहून दाभोळला, तवसाळहून जयगडला, बागमांडल्याहून वेसवीला गाडी बोटीवर चढवायची तर ओहोटीच्या वेळी रॅम्प उभा होतो. गाडीचा पुढचा ओठ जमिनीला आणि पुढचं चाक मागे असेल, तर चढताना बंपर घासतो, उतरताना मागचा. प्रदर्शनात किंवा फोटोत गाडी बाजूने बघा. पुढच्या चाकाच्या पुढे किती गाडी बाहेर आहे? जितकी कमी, तितकं बरं. शिवाय रॅम्पवर खारं पाणी असतं, ते खाली उडतं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने चासी धुवायची, हेही मी गिऱ्हाइकाला त्याच रकान्यात लिहून देतो.

दुसरी, जमिनीपासूनची उंची. पत्रकातला आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. मे महिन्यात पाच माणसं आणि डिकीत आंब्याच्या पेट्या घेऊन निघालात की गाडी तेवढी उभी राहत नाही. आपली वीत मोजून ठेवा. माझी वीत २१ सेंटीमीटर. २०२१ ला आलेल्या पंचची उंची १८७ मिलिमीटर, म्हणजे वितीला थोडी कमी. जुन्या डस्टरची २०५ होती, म्हणजे जवळजवळ भरली वीत. २०१२ च्या एक्स्पोत डस्टर आणि इकोस्पोर्ट दोन्ही दिसल्या तेव्हा आमच्याकडे पहिल्यांदा लोक खाली वाकून गाडी बघायला लागले. त्याआधी सगळे बॉनेट उघडायचे.

तिसरी, घाट. २०१४ च्या एक्स्पोत मारुतीची सेलेरिओ आली ती स्वयंचलित गिअर स्वस्तात घेऊन. क्लच-गिअर तेच, फक्त दाबायचं काम मशीन करतं. परशुराम घाटात रांग लागली की डावा पाय किती दुखतो हे ज्याला माहीत आहे, त्याला याचं मोल सांगायला नको. पण अशी गाडी चढावर थांबवताना अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही, ब्रेक धरायचा. नाहीतर क्लच जळतो. नव्या प्रकारचा गिअर मंचावर दिसला की चढावर तो गाडी मागे येऊ देतो का, हे माहिती देणाऱ्याला पहिलं विचारा.

चौथी गोष्ट मला सगळ्यात जवळची आहे. २२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं आणि चिपळूणच्या गाड्या बुडाल्या. त्यानंतरचे कित्येक महिने मी दुसरं काही केलं नाही. सीटखालचे कपलर (वायरींचे जोड) उघडून चिखल धुणं, पिना हिरव्या पडलेल्या, कार्पेटखालचा फोम पाणी सोडेना. ज्या गाडीचं कंट्रोल युनिट, म्हणजे तिचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, सीटखाली किंवा पायाशी, तिची वायरिंग गेली. जिचं वर डॅशबोर्डमागे, ती बऱ्याचदा वाचली. ज्यांनी घाबरून चावी मारली त्यांच्या इंजिनात पाणी जाऊन रॉड वाकले. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या गाडीच्या पुढे दोन प्रश्न लिहितो: हवा घेणारं तोंड किती उंचावर आहे, आणि किती मिलिमीटर पाण्यातून जाईल असं कंपनी म्हणते? २०२१ च्या पंचसाठी कंपनी ३७० मिलिमीटर सांगायची. विजेच्या गाडीबाबत बॅटरीच्या पेटीला कुठला आयपी दर्जा (पाणी-धूळ किती अडवते त्याचं माप) आहे आणि ती बुडाली तर वॉरंटीत बसते का, हे विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका, पत्रकावर लिहून मागा.

प्रत्यक्ष जायचं असेल तर

आपल्याकडून सोयीची गाडी म्हणजे रत्नागिरीला थांबणारी मंगला एक्स्प्रेस, ती हजरत निजामुद्दीनला सोडते. जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरेत धुकं असतं आणि गाड्या तासन्‌तास उशिरा येतात, म्हणून मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. पहिले एक-दोन दिवस पत्रकार आणि व्यापाऱ्यांचे असतात, सर्वसामान्यांना प्रवेश नंतर. २०२३ ला ११ आणि १२ जानेवारी पत्रकारांसाठी होते, लोकांसाठी १३ पासून. शनिवार-रविवार टाळा, गाडीच्या चाकापर्यंत नजर पोचत नाही.

प्रगती मैदानासाठी दिल्ली मेट्रोच्या निळ्या मार्गावरचं सुप्रीम कोर्ट स्थानक, ज्याचं जुनं नाव प्रगती मैदानच होतं. ग्रेटर नोएडाला जायचं तर निळ्या मार्गाने नोएडा सेक्टर ५२, तिथून चालत सेक्टर ५१, मग अ‍ॅक्वा मार्गाने नॉलेज पार्क दोन. थंडी बोचरी असते, स्वेटर आपल्याकडच्या अंदाजाने घेऊ नका.

आत गेलात की फिरत्या मंचावरच्या गाडीपाशी वेळ घालवू नका. तिला हात लावता येत नाही. ज्यात बसता येतं तिच्यात बसा, मागच्या सीटवर, कारण घरातली वडील माणसं तिथेच बसणार. दार उघडून खालचा उंबरा किती उंच आहे, आजीला पाय उचलून आत टाकता येईल का, ते बघा. डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनी आहे की पंक्चर दुरुस्तीची बाटली, हे बघा. बाटली असेल तर आंबा घाटात रात्री काय करणार? सुट्या भागांचं प्रदर्शन त्याच दिवसांत दुसरीकडे असतं. तुम्ही गॅरेजवाले असाल तर माझं ऐका आणि आधी तिथे जा. पुढच्या पाच वर्षांत कुठला सेन्सर, कुठला बुश, कुठलं कपलर हाताखाली येणार, ते तिथे टेबलावर उघडं मांडलेलं असतं.

जपानचं प्रदर्शन आपल्याहून जुनं आहे. १९५४ ला टोकियोच्या हिबिया बागेत ते सुरू झालं तेव्हा २६७ वाहनांत प्रवासी गाड्या फक्त १७ होत्या, बाकी ट्रक, बस आणि दुचाक्या. शांघायचं १९८५ ला, म्हणजे आपल्या आदल्याच वर्षी. वहीच्या मागच्या पानांवर या दोघांसाठी जागा ठेवा. टोकियोला दिसलेली छोटी गाडी पुढे आपल्याकडे वेगळ्या नावाने येऊ शकते, विशेषतः सुझुकीची.

कागद जपणं

प्रदर्शनात मिळणारी पत्रकं फेकू नका. पाच वर्षांनी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या नमुन्याचा मागमूस नसतो, आणि "काय गळलं" हे फक्त त्या कागदावरून कळतं. पण कोकणातला पाऊस कागदाला खातो. पत्रकं सपाट ठेवा, घडी घालू नका, घडीवरचा रंग आधी उडतो. प्रत्येक पत्रक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीचं तोंड थोडं उघडं, नाहीतर आतच दमट होऊन पानं चिकटतात. पत्र्याच्या ट्रंकेत तळाला वर्तमानपत्र, वर डांबरगोळ्या, कसर लागू नये म्हणून. ट्रंक माळ्यावर, जमिनीवर नाही. २०२१ ला माझ्या गॅरेजमधली हत्यारं वाहून गेली, माळ्यावरची ट्रंक कोरडी राहिली. ऑक्टोबरच्या उन्हात एकदा सगळं बाहेर काढून वाळवा. चकचकीत कागद थेट उन्हात ठेवायचा नाही, वाकतो. पडवीत पसरायचा.

वहीतल्या नोंदी पेनाने करा, पण "बाजारात आल्याचा महिना" हा रकाना पेन्सिलने. कंपनी जाहीर करते एक, विक्री सुरू होते दुसऱ्या महिन्यात, आणि रत्नागिरी-चिपळूणच्या शोरूमला गाडी पोचते त्याहून उशिरा. मी तिन्ही तारखा लिहितो आणि गिऱ्हाइकाला तिसरी सांगतो. मारुतीची ईव्हीएक्स जानेवारी २०२३ ला नमुना म्हणून आली, जानेवारी २०२५ ला ई-विटारा म्हणून तयार रूपात दिसली आणि ऑगस्ट २०२५ ला गुजरातच्या हंसलपूरला तिचं उत्पादन सुरू झालं. तिच्यासमोरचा सहावा रकाना मी अजून पूर्ण भरलेला नाही. गाडी पिटवर घेऊन खालून बघितल्याशिवाय तो भरत नसतो.